पोस्ट कोणी उडवली, कशासाठी उडवली? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातल्या वाचनालयांत, कॉलेजांत, कधी एखाद्या वस्तीच्या समाजभवनात समाजमाध्यमांवर बोलायला गेलो की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर इथे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

कंटेंट मॉडरेशन म्हणजे पोस्ट काढणं, एवढंच ना?

नाही, ते त्याचं सगळ्यात ठळक दिसणारं रूप आहे. पोस्टवर इशाऱ्याची पट्टी लावणं, कमेंट बंद करणं, व्हिडिओचं उत्पन्न थांबवणं, अकाउंट काही दिवस गोठवणं किंवा कायमचं बंद करणं, पोस्ट फक्त भारतातल्या लोकांपासून लपवणं, हे सगळं त्यातच येतं. आणि सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे रीच पाडणं. पोस्ट तुमच्या पानावर दिसत असते, पण लोकांपर्यंत पोचत नाही. काढलेल्या पोस्टबद्दल निदान भांडता तरी येतं. पडलेल्या रीचबद्दल भांडायचं कोणाशी? कंपनीने पाडली, की पोस्टच कंटाळवाणी होती, हेही कळायला मार्ग नसतो.

माझी पोस्ट सरकारने काढली की कंपनीने?

बहुतेक वेळा कंपनीने, आणि कंपनीतही माणसाने नाही, मशीनने. मोठ्या कंपन्यांकडे रोज येणारा मजकूर इतका प्रचंड असतो की पहिली चाळणी यंत्राचीच असते. संशयास्पद वाटेल ते यंत्र स्वतः काढतं किंवा माणसापुढे ठेवतं. त्याखेरीज लोक रिपोर्ट करतात, आणि सरकार किंवा कोर्टाचे आदेश येतात. भारतात कायद्यामुळे पोस्ट दिसेनाशी झाली, तर काही कंपन्या ‘कायदेशीर मागणीमुळे या देशात उपलब्ध नाही’ अशी ओळ दाखवतात. ती दिसली तर सरकार किंवा कोर्ट मध्ये आहे असं समजा. ‘आमच्या नियमांविरुद्ध आहे’ असं आलं तर तो कंपनीचा स्वतःचा निर्णय.

राज्यघटनेच्या कलम १९ ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय. मग कंपनी माझं बोलणं कापूच कशी शकते?

दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न कलमाच्या आकड्यासकट येतो, याचं मला कौतुक वाटतं. कलम १९(१)(अ) मुळात राज्यसंस्थेला बांधतं. सरकारने तुमचं तोंड बंद करायचं असेल तर कलम १९(२) मध्ये दिलेल्या कारणांपैकीच कारण हवं: देशाची सार्वभौमता व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. शिवाय निर्बंध ‘वाजवी’ हवा. हा ‘वाजवी’ शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातला. खासगी कंपनी मात्र तुमच्याशी करार करते. तुम्ही न वाचता ‘मान्य आहे’ दाबलेलं असतं, तोच तो करार.

२०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क खासगी व्यक्ती-संस्थांविरुद्धही मागता येतात. वाचायला मोठं वाटतं, आणि आहेही. पण समाजमाध्यम कंपनीने पोस्ट काढली तर हे तत्त्व नेमकं कसं लावायचं, याचा रस्ता अजून पुरता आखलेला नाही. त्यामुळे केवळ या निकालावर विसंबून राहू नका.

खासगी मालकाने बोलणं अडवण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. ‘केसरी’तल्या लेखांवरून इंग्रज सरकारने १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षं मंडालेला धाडलं. त्याच ‘केसरी’ने १९२० मध्ये बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला नकार दिला, पैसे मोजायची तयारी असूनही. पहिली दडपशाही सरकारची होती, दुसरा नकार छापखान्याच्या मालकाचा. टिळकांच्या बाजूने देश उभा राहिला. ‘मूकनायक’ पाक्षिकाला ‘केसरी’तल्या जाहिरातीविनाच निघावं लागलं, आणि ३१ जानेवारी १९२० ला ते निघालं. आज तीच अडचण वेगळ्या मापात आहे. दुसरं पाक्षिक काढता येतं, पण सगळं गाव ज्या ॲपवर आहे तसं दुसरं ॲप एकट्यादुकट्याला काढता येत नाही. म्हणून ‘खासगी कंपनी आहे, तिची मर्जी’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. जिच्याकडे एवढी गर्दी जमा झाली आहे, तिने माणसाला कारण सांगितलं पाहिजे, म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे आणि पहिला निर्णय दुसऱ्याकडून तपासून घेतला पाहिजे. कंपनीने काय काढलं यावर वाद होतच राहतील. कसं काढलं यावर मात्र आपण आजच जाब विचारू शकतो.

जाब विचारू म्हणता, पण तसा नियम आहे का?

आहे, आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे. २५ फेब्रुवारी २०२१ ला आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांमध्ये ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांसाठी जास्तीची बंधनं आहेत. भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमणं हे त्यातलं एक. दुसरं आपल्या कामाचं, नियम ४(८): कंपनी स्वतःहून पोस्ट काढणार असेल तर काढण्याआधी तुम्हाला कळवायचं, कारण द्यायचं आणि हरकत घ्यायची वाजवी संधी द्यायची. हा नियम वाचला आणि आपल्या फोनवर येणारी ती एका ओळीची सूचना आठवली की हसावं की रडावं कळत नाही.

अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. २०२२ च्या दुरुस्तीने ही सोय आली आणि जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. यावर आक्षेपही आहे: समिती सरकारने नेमलेली, म्हणजे शेवटी काय राहील आणि काय जाईल हे सरकारच बघणार. आक्षेप बिनबुडाचा नाही. पण अकाउंट चुकून बंद झालेल्या साध्या माणसाला कोर्टाची पायरी न चढता दाद मागायची दुसरी जागाही नाही, म्हणून वापरायला मी सांगतोच.

अपील कसं लिहायचं? ‘अन्याय झाला’ असं लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण उपयोग होणार नाही. पलीकडे जो कोणी बसला असेल त्याच्याकडे तुमच्या पोस्टसाठी फार थोडा वेळ असतो, आणि तो नागपूरचा नसतो. पाचपावलीतल्या एका पोराने मला फोन दाखवला होता. मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ, त्यावर राखाडी पट्टी, खाली ‘हिंसेला चिथावणी’. त्याने अपिलात लिहिलं होतं, ‘तुम्हाला आमची संस्कृती समजत नाही.’ खरं होतं, आणि नेमकं त्याचमुळे नाकारलं गेलं असणार. आम्ही ते बसून पुन्हा लिहिलं:

‘हा व्हिडिओ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबत मिरवणुकीचा आहे. ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. व्हिडिओतला पुतळा कोणा व्यक्तीचा नसून महागाईचा आहे. “जाळा” हा शब्द पुतळ्याला उद्देशून आहे. कोणत्याही व्यक्तीला वा समाजाला धमकी नाही. नियम ४(८) प्रमाणे, यातला कोणता भाग नियमाविरुद्ध आहे ते कळवावं.’

काय आहे, कुठलं आहे, कोणाला उद्देशून आहे आणि मला काय हवं आहे. एवढं पुरतं. राग आला असेल तर तो मित्राला फोन करून काढा. अपील करण्याआधी कंपनीची सूचना, पोस्टची लिंक, तारीख आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पोस्ट गेली की लिंकही मरते, आणि मग पुढे दाखवायला हातात काही राहत नाही.

मारबतीचे व्हिडिओ सारखे अडकतात. मशीनला काऊन समजत नाही?

कारण मारबत म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सगळ्या धोक्याच्या खुणा एका ठिकाणी: प्रचंड गर्दी, नेत्यासारखा दिसणारा पुतळा, आग, आरोळ्या. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही हाक यंत्राला माहीत नाही. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागून निघणारे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, इतवारी-महालच्या गर्दीतून जातात तेव्हा भ्रष्टाचार, महागाई, साथीचे रोग आणि त्या वर्षी लोकांच्या डोक्यात बसलेले पुढारी यांची यथेच्छ धुलाई होते. वर्षातून एक दिवस शहर तोंडावर बोलतं आणि बोलून मोकळं होतं. लोकशाहीत विडंबनाला जागा हवी असं आपण भाषणात म्हणतो. आपल्याकडे तर त्याची मिरवणूकच निघते.

भाषेचं दुखणं याहून खोल आहे. यंत्राला शिकवायला उदाहरणं लागतात, आणि मराठीत ती इंग्रजीच्या मानाने फारच थोडी आहेत. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २५ हजारांहून अधिक मराठी ट्विट्स हाताने वर्गवारी करून ‘महाहेट’ नावाचा संच तयार केला, तो अशाच कामासाठी. चांगलं काम आहे. पण प्रमाण मराठीतून थोडं वळलं की पुन्हा पंचाईत. ‘काऊन बे भैताडा, कुठं मेला होता?’ हे दोस्ताला लिहिलेलं प्रेमाचं वाक्य आहे. यंत्राला त्यात शिवी दिसते आणि मरण दिसतं. उलट, एखाद्या समाजाबद्दल अत्यंत विषारी बोलणं शुद्ध, सोज्वळ मराठीत, एकही अपशब्द न वापरता लिहिता येतं, आणि ते बिनबोभाट निसटतं.

याचा सगळ्यात वाईट फटका बसतो तो ज्याला शिवी दिली गेली त्यालाच. एखाद्या मुलाने ‘मला आज जातीवरून हे म्हटलं गेलं’ असं तो शब्द जसाच्या तसा लिहून सांगितलं, की चाळणी शब्द पकडते आणि साक्ष देणाऱ्याचीच पोस्ट उडते. ज्याने शिवी दिली तो समोरासमोर बोलला होता, त्यामुळे त्याचं काहीच उडत नाही.

भाषा समजली नाही म्हणून पोस्ट काढल्याचं कधी कंपनीने मान्य केलंय का?

थेट भाषेवर बोट ठेवलेलं एक प्रकरण आहे, आणि त्याचा विषय नागपूरशी संबंधित आहे. पंजाबी भाषिक वापरकर्त्याने राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि पंतप्रधानांवर टीका करणारा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. पोस्ट काढली गेली, अकाउंटवर निर्बंध आले, अपील कोणी पाहिलंच नाही. कंपनीचे असे निर्णय तपासणाऱ्या ओव्हरसाइट बोर्डाने प्रकरण हाती घेतल्यावर फेसबुकने चूक मान्य करून पोस्ट परत आणली. एप्रिल २०२१ च्या निर्णयात बोर्डाने सांगितलं की कंपनीचे नियम पंजाबीत उपलब्धच नव्हते, ते करा. संघाबद्दल तुमचं मत काहीही असो. ज्या भाषेत लोक लिहितात त्या भाषेत नियमच सांगितलेले नसतील, तर ते मोडल्याची शिक्षा कशी द्यायची?

सरकार पोस्ट काढायला लावतं ते कोणत्या कायद्याने?

दोन वाटा आहेत, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. यात कारणं मर्यादित आहेत: देशाची सार्वभौमता, संरक्षण, सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याची चिथावणी. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ ॲप्स बंद झाली ती याच कलमाखाली. २००९ च्या नियमांनुसार समितीपुढे विचार होतो, कारणं लेखी नोंदवावी लागतात, पोस्ट टाकणाऱ्याला किंवा कंपनीला नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे कलम वैध ठरवलं ते या सुरक्षा-कड्यांकडे बघूनच. घोडं अडतं नियम १६ वर. त्यात तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगितलं आहे. लेखी कारण आहे, पण ते ज्याची पोस्ट गेली त्याच्या हाती पडत नाही. मग तो हायकोर्टात नेमकं कशाला आव्हान देणार? माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात कमकुवत कडी हीच. दहशतवादाच्या तपासात गुप्तता समजू शकते. व्यंगचित्रासाठी कसली आली गुप्तता?

दुसरी वाट कलम ७९(३)(ब) ची. मूळ कलम ७९ कंपनीला संरक्षण देतं: वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुरासाठी तिला जबाबदार धरायचं नाही. पण बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळूनही तो हटवला नाही तर संरक्षण जातं. अशी माहिती कोर्टाच्या आदेशाने किंवा सरकारच्या अधिसूचनेने मिळाली तरच धरायची, असं २०१५ च्या त्याच निकालाने सांगितलं. २०२४ पासून गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून अशा नोटिसा जाऊ लागल्या. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळलं गेलं. महिनाभरात सरकारने नियम बदलला. नोव्हेंबर २०२५ पासून अशी नोटीस केंद्रात सहसचिव दर्जाच्या आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्यानेच काढायची, आणि त्यात कायद्याचा आधार लिहायचा. ही सुधारणा आहेच. आधी कोणत्या हुद्द्यावरून नोटिसा निघत होत्या, याचाही त्यातून अंदाज येतो.

मार्च २०२५ मध्ये महालात दंगल झाली तेव्हा धडाधड पोस्ट काढल्या. तेव्हा लोकशाही कुठे गेली होती?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. एकाला वाटतं, का काढल्या? दुसऱ्याला वाटतं, आधीच का नाही काढल्या? १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन झालं, धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा फोनाफोनी आणि फॉरवर्डने पसरली, संध्याकाळी महाल आणि नंतर हंसापुरी पेटलं. अनेक पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलिस यंत्रणेने शंभरहून जास्त पोस्ट आणि व्हिडिओ शोधून कंपन्यांना नोटिसा दिल्या, त्या वर सांगितलेल्या ७९(३)(ब) खालीच.

माझं मत सांगतो. गल्लीत दगड उडत असताना ‘आत्ता अमुक चौकात जमा व्हा’ सांगणारी पोस्ट तासाभरात जायला हवी, आणि तिच्यासाठी आधी सुनावणीचा आग्रह धरणं हे शहाणपण नाही. अफवेने काय होतं ते आपल्या राज्याने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पण संचारबंदी उठली, शहर कामाला लागलं, त्यानंतर काय? काढलेल्या पोस्टपैकी किती खरोखर चिथावणीच्या होत्या, किती नुसत्या ‘आमच्या गल्लीत असं झालं’ सांगणाऱ्या, किती पत्रकारांच्या, हे कोणीतरी मोजून जाहीर करायला हवं. संकटात घाईने घेतलेल्या निर्णयाचा हिशोब नंतर शांतपणे मांडणं फार अवघड नाही. नोटिसांची यादी आणि प्रत्येकीसमोर एका ओळीचं कारण, एवढ्यावर भागतं. आपल्याकडे हिशोब मागायची सवय नाही, म्हणून तो मिळत नाही.

सरकारवर टीका केली तर अटक होते का?

टीका हा गुन्हा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने लाइक केलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं. न्यायालयाने तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी चालतात. तिसरी आली की कायदा मध्ये येतो. कोणी आजही ‘६६अ लावू’ म्हणून धमकावत असेल तर ते कलम अस्तित्वात नाही, हे शांतपणे सांगा. मात्र समाजांत तेढ पसरवणं, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं, अब्रुनुकसानी हे गुन्हे भारतीय न्याय संहितेत आहेतच.

मी सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. कोणी काही टाकलं तर माझ्या गळ्यात?

आपल्याच सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठाने याचं उत्तर दिलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर, सदस्याने महिलेविरुद्ध टाकलेल्या मजकुरासाठी गुन्हा दाखल झाला होता. मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, कारण त्याच्या हातात माणसं जोडणं आणि काढणं एवढंच असतं, असा त्यामागचा तर्क होता.

आता एक बारीक गोष्ट. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दिली. म्हणजे ज्या तर्कावर तो निकाल उभा आहे, त्यातला एक खांब थोडा हलला आहे. उद्या कोणी वकील ‘पुसता येत होतं, का नाही पुसलं?’ असं विचारू शकतो. म्हणून घाणेरडं काही आलं तर पुसा आणि ग्रुपवर एक ओळ लिहा: ‘अमुक कारणासाठी काढलं.’ कारण लिहिणं कंपनीकडून मागतो ना आपण? मग ॲडमिननेही लिहावं.

स्टेटस तर चोवीस तासांत जातं. त्याला कोण विचारतं?

कोर्ट विचारतं. याच खंडपीठाने २०२३ मध्ये एका स्टेटसबद्दलचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. स्टेटस लोकांनी बघावं म्हणूनच ठेवलेलं असतं, तेव्हा जबाबदारीने वागा, असं त्यात म्हटलं आहे.

व्हॉट्सॲपवर कंपनी मॉडरेशन करते का?

मेसेज कूटबद्ध असल्याने आत काय आहे ते कंपनी वाचत नाही. ती वेग कमी करते. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आली. २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मला हा प्रकार पोस्ट काढण्यापेक्षा जास्त पटतो. तोंड कोणाचंच बंद होत नाही, फक्त अफवेला धाप लागते.

सरकारनेच खरं-खोटं ठरवलं तर काय हरकत आहे? निदान अफवा तरी थांबतील.

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तेच करून पाहिलं. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची खोटी, बनावट किंवा दिशाभूल करणारी माहिती सरकारचं फॅक्ट चेक युनिट ठरवणार, आणि तसा शिक्का बसला की कंपनीने ती ठेवली तर संरक्षण जायची भीती. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं दोन दिशांना गेली. मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं. ते होते न्यायमूर्ती अतुल चांदूरकर, ज्यांनी नागपुरात वर्षानुवर्षं वकिली केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. ‘दिशाभूल करणारी’ हा शब्द इतका सैल की त्यात काहीही बसवता येतं, हा त्यातला एक मुद्दा. आपल्याच कारभाराबद्दल खरं काय ते सरकारनेच ठरवायचं, यातली अडचण इतवारीतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला पटकन कळेल: स्वतःच्या वहीचं ऑडिट स्वतःच करायचं आणि सहीही स्वतःच मारायची.

परदेशात कसं आहे?

अमेरिकेत १९९६ च्या कलम २३० ने कंपन्यांना भरपूर मोकळीक दिली: मजकूर ठेवा किंवा काढा, खटल्याची भीती कमी. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला. पोस्ट काढली की कारणांचं निवेदन द्यायचंच, हा त्याचा गाभा. दोन्हींपैकी आपल्याला युरोपकडून शिकण्यासारखं जास्त आहे, असं मला वाटतं.

मॉडरेटर म्हणजे कोण लोक असतात?

तुमच्याआमच्यासारखे पगारी लोक, बहुधा कंत्राटी कंपनीत. लहान मुलांवरचे अत्याचार, खून, आत्महत्या हे दिवसभर बघून ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ ठरवतात. अमेरिकेतल्या अशा कामगारांना मानसिक आघाताबद्दल फेसबुकने २०२० मध्ये ५.२ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. पोस्ट परत यावी म्हणून भांडताना हेही लक्षात ठेवा की तुमच्या फोनवर जे भयंकर दिसत नाही, ते कोणीतरी तुमच्याआधी पाहिलेलं असतं.

सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारले तर पोस्ट जाते का?

कधी कधी जाते, आणि म्हणूनच टोळक्याने रिपोर्ट मारण्याचे उद्योग चालतात. ग्रुपवर ‘हे अकाउंट उडवायचं आहे, सगळ्यांनी रिपोर्ट करा’ असा मेसेज आला, तर ती पोस्ट आधी स्वतः वाचा. नियमाविरुद्ध वाटली तर रिपोर्ट करा. फक्त पटली नाही म्हणून करू नका. उद्या हेच तुमच्यावर उलटणार आहे.

माझा खासगी फोटो पसरवला गेलाय. आधी काय करू?

इथे अभिव्यक्तीचा वाद नाही, वेळ घालवू नका. कंपनीकडे ‘नग्न वा खासगी चित्र’ या प्रकारात तक्रार करा. २०२१ च्या नियमांनी यासाठी २४ तासांची मुदत घातली होती. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या. पैशांची फसवणूकही झाली असेल तर १९३० वर फोन करा. ‘स्टॉप-एनसीआयआय’ नावाची सेवा फोटो स्वतःकडे न घेता त्याचा डिजिटल ठसा बनवते आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की चित्र अडवतात. चूक तुमची नाही. घरच्या एका विश्वासू माणसाला सांगा.

निवडणुकीच्या दिवसांत नियम बदलतात का?

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराला बंदी असते. त्या काळातल्या उल्लंघनाबद्दल निवडणूक आयोगाने कळवलं की तीन तासांत कारवाई करायचं कंपन्यांनी २०१९ च्या स्वेच्छा आचारसंहितेत कबूल केलं. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांनाही सांगितलं की डीपफेक (यंत्राने बनवलेला बनावट व्हिडिओ वा आवाज) लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा.

काढलेली पोस्ट कायमची जाते का? पोलिसांना नंतर मिळते का?

लोकांना दिसत नाही, पण कंपनीकडे राहते. २०२१ च्या नियमांप्रमाणे काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, आणि कोर्ट किंवा अधिकृत यंत्रणेने सांगितलं तर त्याहून जास्त. तुमच्याविरुद्ध कोणी लिहिलं असेल तर ‘आता पुसलं, काय करणार’ म्हणून तक्रार सोडू नका. तारीख, वेळ, अकाउंटचं नाव आणि स्क्रीनशॉट घेऊन या मुदतीच्या आत ठाण्यात जा, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.